रविवारी बुद्धवंदनेला जायचंय, दोन शंका आहेत

कोथरूडकर: ऑफिसातल्या मित्राने पिंपरीत फ्लॅट घेतलाय. गृहप्रवेशाला बुद्धवंदना आहे. नुसतं जेवून यायचं मनात नाही, म्हणून विचारतो. सगळं दुःखच म्हणायचं, मग हा निराशेचा धर्म नाही का? आणि आत्मा मानत नाहीत, तर पुनर्जन्म कोणाचा?

देहूरोडची ताई: दादा, आधी रविवारचं बघू. पांढरे कपडे असले तर छान, नसले तरी कुणी बोलत नाही. वंदना पाली भाषेत असते. हात जोडून बसा. त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं, झालं की पंचशील: जीवहत्या, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं, नशा. या पाचांपासून लांब राहीन, असं ज्याचं त्याने आपल्या तोंडाने म्हणायचं. वरून हुकूम सोडणारा कुणी नाही. (आमच्या आळीत पाचव्या शीलाला दोन-चार जण हमखास खाकरतात, ते सोडा.)

निराशेचं म्हणाल, तर तुम्ही पहिल्याच आर्यसत्यापाशी थांबलात. दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, तृष्णा सुटली की तेही थांबतं, आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. तीन चतुर्थांश बोलणं उपायाचंच की! तरी तुमची शंका फालतू नाही. खुद्द बाबासाहेबांना ती होती. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली आला. चार आर्यसत्यं मुळातली की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असा सरळ सवाल त्याच्या प्रस्तावनेत आहे. आमच्या विहारात यावर अजून वाद रंगतात. आमच्या देहूरोडच्या विहारातली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनीच २५ डिसेंबर १९५४ ला बसवली, त्यामुळे आम्हाला बोलायचा हक्क जरा जास्तच वाटतो!

पालीप्रेमी: पुनर्जन्माचं मी सांगतो. 'मिलिंदप्रश्न' या जुन्या पाली ग्रंथात राजा मिलिंद हेच विचारतो. भिक्खू नागसेन म्हणतो, रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, आणि अगदी वेगळीही नाही. दिवा मात्र एकच. एका जन्मातून दुसरा जन्म होतो तोही असाच, आत्म्याशिवाय.

देहूरोडची ताई: हे झालं परंपरेचं. बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं मेल्यावर नाहीशी होत नाहीत, पुन्हा कुठेतरी एकत्र येतात. पुनर्जन्म आहे तो त्यांचा, आत्म्याचा नव्हे. मागल्या जन्मीच्या पापाने या जन्मी खालची जात, हे गणित त्यांनी साफ मोडीत काढलं. मित्राच्या घरी मागच्या जन्माचा विषय काढलात, तर बहुधा हेच ऐकाल.

कोथरूडकर: आभार ताई, पालीप्रेमी. भेट म्हणून बुद्धाची मूर्ती नेऊ का?

देहूरोडची ताई: घरात एक असणारच. फुलं-फळं न्या, वंदनेला लागतात. मूर्तीच न्यायची तर आधी त्याला विचारा, आणि तो ढेरपोट्या लाफिंग बुद्धा तेवढा नेऊ नका. तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू, आमचे भगवान नव्हेत.