मोठ्या काकांनी पाठवलेली मुलाखत

मोठे काका: हॉलिवूड अभिनेते डस्टिन हॉफमन यांची ही मुलाखत सर्वांनी अवश्य पाहावी. ‘टूट्सी’ चित्रपटाच्या (१९८२) रंगभूषा चाचणीत स्त्रीवेश जमल्यावर ‘आता मला सुंदर करा’ असे ते म्हणाले. याहून सुंदर करता येणार नाही असे उत्तर आले, तेव्हा केवळ दिसण्यावरून आपण किती स्त्रियांशी बोललोच नाही, हे उमगून ते घरी जाऊन रडले.

आत्या: दादा, ही चित्रफीत २०१३ पासून फिरते आहे आणि दर वेळी कौतुक त्या रडण्याचेच होते.

धाकटे काका: उशिरा का होईना, उमगले ना? एवढे टोचून बोलण्याचे कारण समजले नाही.

वहिनी: काका, राग मानू नये. १९८५ मधील एका चित्रीकरणाच्या वेळी, आपण सतरा वर्षांच्या असताना हॉफमन यांनी असभ्य वर्तन केले, असा आरोप एका लेखिकेने २०१७ मध्ये केला. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण ‘हा माझा स्वभाव नव्हे’ असेही सांगितले. साल पाहावे, ते उमगणे आधीचे आहे.

मोठे काका: आरोप म्हणजे पुरावा नव्हे. मुलाखत पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे. पुन्हा पाठवत आहे.

ताई: त्यापेक्षा ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी निवेदक कार्ल स्टेफानोविक बरे. एक-दोन अपवाद वगळता वर्षभर तोच निळा सूट घालून ते दूरचित्रवाणीवर बसले, तरी कोणाच्या लक्षात आले नाही. सहनिवेदिका लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षक सतत टीका करत. स्टेफानोविक यांनी हे २०१४ मध्ये जाहीर केले.

काकू: आमच्या घरी हा प्रयोग लग्नापासून चालू आहे, फक्त तो कोणी जाहीर केलेला नाही.

आत्या: आणि २०१७ मध्ये मानधनाची बोलणी फिसकटल्यावर वाहिनी सोडावी लागली ती विल्किन्सन यांनाच.

धाकटे काका: म्हणजे पुरुषाने काहीही केले तरी कमीच!

आत्या: गायक जस्टिन टिंबरलेक यांनी, २००४ मध्ये सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यातील कार्यक्रमात त्यांच्या हातून गायिका जॅनेट जॅक्सन यांचे वक्षवस्त्र सुटले त्या प्रसंगाबद्दल, जॅक्सन यांची जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये, आणि तीही मधल्या काळात, २०१८ मध्ये, त्याच सुपर बोलच्या मंचावर पुन्हा गाऊन आल्यावर. इतके दूर तरी कशाला जायचे? ताईच्या फोटोखाली ‘तब्येत चांगलीच सुधारलेली दिसते’ असे याच ग्रुपवर कोणी लिहिले होते?

मोठे काका: ते आपुलकीने लिहिले होते. तरीही आत्ताच काढून टाकले आहे. कृपया मुलाखत पाहावी.

ताई: काका, ते फक्त आपल्याच फोनवरून गेले आहे. आम्हा सर्वांना अजून दिसते आहे.