चौथ्या मजल्यावर अजगर? बी विंग ग्रुपवरची चर्चा

निकम काका (सेक्रेटरी): बी-४०२ मध्ये अजगर येणार असल्याची कुजबुज लिफ्टमध्ये कानावर आली. खरंखोटं काय ते संबंधितांनी इथेच सांगावं. उगाच अफवा नकोत.

चिन्मय ४०२: काका, आणलेला नाही, विचार चालू आहे. ब्लड पायथन. बिनविषारी आहे.

शुभदा काकू ४०३: बिनविषारी असेल रे बाबा, पण अजगर गिळतो! आमचा नातू अजून रांगतोय. आपली भिंत एकच आहे.

अभिजित ३०१: काकू, भिंत गिळत नाही तो 😄

शुभदा काकू ४०३: तुला सगळ्याची थट्टाच सुचते.

मृणाल ६०४: काकू, मी या जातीचे साप सांभाळलेत म्हणून बोलते. पूर्ण वाढलेला साप साधारण दीड मीटरचा, मादी त्याहून थोडी मोठी. उंदीर हे त्याचं खाणं, माणसाचं मूल त्याला गिळता येत नाही. तरी लहान मुलाजवळ तो कधीच मोकळा सोडायचा नाही. पिंजऱ्याला कुलूप हवंच, कारण फट दिसली की साप निसटायला बघतो.

निकम काका: दीड मीटर म्हणजे फार मोठा नाही की.

मृणाल: लांबीवर जाऊ नका काका. अंगानं मांडीएवढा जाड आणि शेपूट एकदम आखूड. मोठी मादी सहा-सात किलोच्या वर सहज जाते. उचलताना दोन्ही हात खाली लावावे लागतात. अंग लोंबकळलं की तो घाबरतो, आणि घाबरला की चावतो.

अभिजित: चिन्म्या, पण हाच का? कुत्रा पाळ, मांजर पाळ.

चिन्मय: फोटो बघ ना एकदा. गडद लाल अंग, त्यावर पिवळट ठिपके, डोकं वेगळ्याच छटेचं. शिवाय भुंकणं नाही, केस नाहीत, फिरायला न्यायला नको. दोन-तीन आठवड्यांतून एकदा खातो. ऑफिस सांभाळून यापेक्षा सोपं काय असणार?

मृणाल: इथेच तुझी गल्लत होतेय. पहिलं म्हणजे फोटोतला साप मोठा आहे. तू आणशील ते पिल्लू मातकट तपकिरी असेल. लाली चढायला काही वर्षं जातात, आणि प्रत्येकावर तितकीच चढेल असंही नाही.

दुसरं, हा दलदलीतला प्राणी आहे. मलाय द्वीपकल्प, पूर्व सुमात्रा आणि आसपासची बेटं. ओलसर पालापाचोळ्यात दबा धरून पडतो, भक्ष्य समोर आलं की झडप. ओठांवरच्या खाचांनी त्याला ऊब कळते, म्हणून काळोखातही नेम चुकत नाही. घरात त्याला तसंच दमट लागतं, आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्के, पण हवाही खेळती हवी. कोरडं पडलं की कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. गार आणि ओलं एकत्र झालं की छातीत कफ होतो, नाकातोंडातून बुडबुडे येतात. अशा वेळी साप बघणारा डॉक्टर माहीत हवा, आणि तसे डॉक्टर थोडेच असतात.

चिन्मय: हीटर लावेन की.

मृणाल: सगळे तेच करतात. अजगर म्हणजे गरम प्रदेशातला, म्हणून तापवत सुटतात. याला २७ ते २९ अंश पुरतं. ३२ च्या वर गेलं की त्रास सुरू. हीटरला थर्मोस्टॅट, ठरलेल्या तापमानाला तो आपोआप बंद करणारं यंत्र, नसेल तर तू ऑफिसात असताना तो भाजून निघेल.

पाटणकर २०२: मध्येच बोलतोय, गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे? काढा लवकर.

शुभदा काकू: मृणाल, पण हा साप फार तापट असतो असं ऐकलंय.

मृणाल: ती बदनामी बरीचशी जंगलातून पकडून आणलेल्यांमुळे झाली काकू. गोचिड्या, पोटात जंत, वर प्रवासाचा धसका. तसा साप चिडणारच. माणसांकडे जन्मलेली, लहानपणापासून नीट हाताळलेली पिल्लं पुष्कळदा शांत निघतात. पण त्यांच्यातही स्वभाव एकेकाचा. माझ्याकडची एक मादी मी झाकण उघडलं की फुसफुसायची, सायकलच्या ट्यूबची हवा सोडावी तसा आवाज. साप हाताळायच्या हुकानं अंगाला हलका स्पर्श केला, म्हणजे आत्ता खाणं नाही हे तिला कळलं, की गुपचूप हातावर यायची. ते मात्र फार छान वाटतं. गार, जड, नुसते स्नायू.

निकम काका: आणि चावला तर?

मृणाल: दात आतल्या बाजूला वळलेले असतात. हिसडा देऊन हात ओढलात तर जखम मोठी होते. आधी त्याला सोडू द्यायचं, मग जखम धुवायची. आणि त्याला किंवा पिंजऱ्याला हात लावला की दरवेळी साबणानं हात धुवायचे, साल्मोनेलासाठी, पोट बिघडवणारे जंतू असतात ते.

अभिजित: खाणं ठेवणार कुठे पण?

चिन्मय: मेलेले उंदीर गोठवलेले मिळतात. फ्रीजरमध्ये, डब्यात.

चिन्मयची आई ४०२: कुणाच्या फ्रीजरमध्ये?

अभिजित: 😂😂

चिन्मय: आई, आपण घरी बोलू.

मृणाल: चिन्मयच्या आईंचा प्रश्न रास्त आहे, वेगळा छोटा फ्रीजर लागेल. आणि तो मागतो म्हणून जास्त खायला घालू नकोस. याचं पचन संथ, लठ्ठ पटकन होतो. शी कधीकधी कित्येक आठवडे होत नाही. होते तेव्हा पिंजरा पूर्ण रिकामा करून धुवावा लागतो, त्या दिवशी बाकी बेत ठेवू नकोस.

निकम काका: कागदपत्रांचं काय?

मृणाल: ही जात सायटीस कराराच्या (वन्यजीवांच्या देशोदेशींच्या व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवाना लागतोच. कातड्यासाठी सुमात्रात हे साप हजारोंनी पकडले जातात. तरी पामतेलाच्या मळ्यांत उंदीर भरपूर, म्हणून तिथे ते तग धरून आहेत. जन्म कुठला, नोंदणी काय, हे लेखी हातात नसेल तर विषय तिथेच संपला.

निकम काका: ठीक. म्हणजे कागद, कुलूप, डॉक्टरचं नाव. हे कमिटीला लेखी द्यायचं.

शुभदा काकू: आणि किती वर्षं असतो हा पाहुणा?

मृणाल: वीस वर्षं, नीट सांभाळला तर जास्तही. चिन्मयचं लग्न, बदली, घर बदलणं, सगळ्यात तो सोबत असणार. मोठा झालेला जड अजगर घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

चिन्मय: ताई, तुम्ही पाळायला सांगताय की नको म्हणताय?

मृणाल: पहिला साप म्हणून नको. कॉर्न स्नेकपासून सुरुवात कर, तो बारीक, बिनविषारी साप, हलका असतो, चुका खपवून घेतो. लाल-केशरीही असतो. आणि ब्लड पायथनच हवा असेल तर आधी पिंजरा आण, रिकामाच महिनाभर चालव. तापमान, आर्द्रता रोज लिहून ठेव.

चिन्मय: महिनाभर रिकामा पिंजरा बघत बसू?

मृणाल: सापासकटही बहुतेक वेळ तसंच दिसणार आहे.