लेकरांना घेऊन पंचायत समितीत शाळा भरवायची का?

दुधनाकाठ
आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी 52 लेकरं अन् मास्तर एकच. त्यातही ते कधी मीटिंगला, कधी मतदारयादीच्या कामाला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक पाहिजेत. निवेदनं देऊन थकलो. आता ठरलंय, सोमवारी पंचायत समितीच्या आवारातच शाळा भरवायची. फळा, दप्तरं, परिपाठ, सगळं तिथंच. मराठवाड्यात हे नवं नाही, शाळा सुरू झाल्या की कुठं ना कुठं अशी शाळा भरतेच.

पण जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, तेव्हापासून गावातल्या बायका धास्तावल्यात. शांततेत बसलेल्यांवर लाठी पडली, मग लेकरं कशाला न्यायची, म्हणतात. माझं म्हणणं, न्यायचीच. शिक्षक नाही तो लेकरांना, आम्हाला नव्हे. नुसते बाप जाऊन बसले तर साहेब चहा पाजून वाटेला लावतात.

बिंदुसरा
म्हणजे लेकरं दिसली की साहेबाला पाझर फुटतो, म्हणून न्यायची. हेच मला पटत नाही. 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवालीत उपोषणाच्या ठिकाणी बायका होत्या, म्हातारी माणसं होती. तरी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला. गृहमंत्री फडणवीसांनी 4 तारखेला क्षमा मागितली, जालन्याच्या एसपींना सक्तीच्या रजेवर धाडलं. पण तोवर डोकी फुटली होती. पोलीसही जखमी झाले. आधी दगड का आधी लाठी, यावर दोन्हीकडचे लोक आजही भांडतात. त्या भांडणात दुसरीतलं पोरगं मधी सापडलं तर?

कापसाची वेचणी
घरी ठेवा म्हणायला काय जातंय. ठेवायचं कोणाजवळ? नवरा-बायको दोघंबी मोर्चात गेल्यावर लेकरू काखेतच येतंय. हंडा मोर्चा बगितला का कधी, डोक्यावर रिकामा हंडा अन् पदराला पोरगं. अन् एक सांगा दादा, ऊसतोडीला दिवाळीपासून फडातच लेकरं असतेत, उसाच्या गाडीवर झोपतेत. तवा धोका कुणी मोजला नाही. साहेबाच्या दारात बसायचं म्हणलं की समद्यायला लेकराची काळजी लागली.

बिंदुसरा
ताई, फडातला धोका खोटा नाही. पण एक धोका आहे म्हणून दुसरा पत्करायचा हे काही बरोबर नाही.

निवृत्त जमादार
तीसेक वर्षं बंदोबस्त केला, म्हणून बोलतो. पहिली गोष्ट, तुमचं आंदोलन शांत आहे याचा अर्थ ते कायद्यात बसतं असा नाही. आपल्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 (1)(3) ची जमावबंदी पंधरा-पंधरा दिवसांची सारखी लागू असते. पाच माणसं जमली की आदेशाचा भंग. बहुतेक वेळा कुणी काही करत नाही, पण वरून फोन आला की तोच कागद बाहेर निघतो. लेखी परवानगी घ्या.

दुसरी गोष्ट, लाठीपेक्षा मला चेंगराचेंगरीचं भ्या वाटतं. 23 नोव्हेंबर 1994, नागपूर. अधिवेशनावर आलेला गोवारींचा मोर्चा. पोलिसांनी लाठ्या उचलल्या, माणसं पळाली, पळायला वाट नव्हती. 114 जण गेले, त्यात बायका अन् लेकरं किती तरी. गोळी लागून नाही, चेंगरून. लाठीमाराआधी इशारा देतात, पण तो पुढच्या दोन रांगांनाच ऐकू येतो. अश्रुधुराचं म्हणाल तर तो जमिनीलगत बसतो, लेकरांचं नाक तिथंच असतं, अन् त्यांचा श्वासही मोठ्या माणसापेक्षा भरभर चालतो.

आवारात शाळा भरवायला माझी हरकत नाही. गेट एकच असेल तर मात्र गेटाजवळ बसा, आत कोपऱ्यात नको. रास्ता रोकोला लेकरू न्यायचंच नाही, मागणी कितीही खरी असो.

कोर्टाची पायरी
संविधानाच्या 19 (1)(ख) मध्ये शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या हक्काला वयाची अट नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं 15 वं कलम तर लेकरांनाच हा हक्क देतं, अन् भारत 1992 पासून त्याला बांधील आहे.

बिंदुसरा
वकीलसाहेब, दिल्लीतलं नागरिकत्व कायद्याविरुद्धचं शाहीनबागचं धरणंही सांगा. तिथं थंडीत आणलेलं चार महिन्यांचं बाळ दगावलं, तेव्हा फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं होतं की एवढं बाळ आंदोलनाला जातं का. शिवाय बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहेच. लेकराची हेळसांड केली म्हणून तीन वर्षांपर्यंत कैद.

कोर्टाची पायरी
आवारात पाढे म्हणायला बसवणं म्हणजे हेळसांड, हे कोणत्या कोर्टात टिकेल? 75 चा धाक घालतात हे खरं. पण वर्गात शिक्षक नसणं ही हेळसांड नाही का, हे त्याच कोर्टात विचारता येईल. बाकी अंगावरचं बाळ आणू नये, इथं आपलं एकमत.

औट्रम घाट
2016 च्या मराठा मूक मोर्चात मुली सगळ्यांच्या पुढं होत्या, तवा समदे कौतुक करायले होते. आता एकदम काळजी!

बिंदुसरा
त्यात कॉलेजच्या पोरी होत्या, भाषण त्यांच्या तोंडचं होतं. पहिलीतल्याच्या हातात पाटी देऊन वर काय लिहायचं ते बाप ठरवतो. हा फरक आहे.

दुधनाकाठ
जमादारांचं ऐकतो. ठाण्यात उद्याच अर्ज देतो. पहिली-दुसरी घरी, गावातल्या दोन आज्या सांभाळायला तयार आहेत. तिसरीच्या पुढचे येतील, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. रस्त्यावर उतरायचं नाही, कुणी दुसऱ्या पक्षाचा झेंडा घेऊन घुसला तर शाळा सोडायची अन् परत. फोटोसाठी लेकरांना पुढं ढकलणार नाही, एवढं बिंदुसरांना सांगतो. पण नेणार.

बिंदुसरा
ठीक. मला अजून पटलेलं नाही. लेकरांना कुणी विचारलं का, यायचंय का म्हणून?

दुधनाकाठ
विचारलं. तिसरी, चौथी, पाचवी, सगळे तयार. सोमवारी गणिताची चाचणी आहे.