छोट्या कॉलेजातून फेडरल ग्रांट: सुरुवात कुठून करू?

नीरा_पीए: नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात एका लहान कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, टेन्युअर ट्रॅकचं (म्हणजे कायम होण्याच्या वाटेवरचं) दुसरं वर्ष, एच-वन-बी व्हिसावर. पोरं सगळी बीएसची. विषय विहिरीच्या पाण्यातलं शिसं. तीन वर्षांत फार तर दीड लाख डॉलर हवेत, दोन मुलांचा उन्हाळ्याचा स्टायपेंड आणि किरकोळ सामान. ग्रांट्स डॉट गव्ह, ती फेडरल ग्रांटांची सरकारी साइट, उघडली की डोकं गरगरतं. आमचं ग्रांट्स ऑफिस म्हणजे एक बाई, त्याही अर्धवेळ.

बाप्पा_बे_एरिया: दीड लाख कशाला मागता? एनएसएफचं (विज्ञान संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) करिअर टाका, नव्या प्राध्यापकांसाठीची ग्रांट, किमान ४ लाख, ५ वर्षं. मला दुसऱ्या झटक्यात मिळालं.

वऱ्हाडी_टेक्सास: पण सिटिझन नसलं तर फेडरल पैसा भेटतच नाही ना?

मधुकाका: चूक. ग्रांट कॉलेजच्या नावावर येते, माणसाच्या नाही. सिटिझन नाहीतर ग्रीन कार्ड लागतं ते जीआरएफपीसारख्या फेलोशिपला.
नीरा, एनएसएफचं आरयूआय बघ, तुझ्यासारख्या, मुख्यतः बीएसची पोरं असलेल्या कॉलेजांसाठीच आहे. त्याची वेगळी थैली नसते, अर्ज तुझ्या विषयाच्या नेहमीच्याच प्रोग्रामला जातो, फक्त अर्जाच्या शीर्षकाआधी आरयूआय लावायचं आणि इम्पॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कॉलेजवर आणि पोरांवर काय परिणाम होईल ते, जोडायचं. ग्रांट्स डॉट गव्ह सोड. एनएसएफच्या अवॉर्ड सर्चमध्ये, म्हणजे दिलेल्या ग्रांटांच्या यादीत, आरयूआय आणि शिसं टाकून शोध, मिळालेल्यांचे सारांश वाच. तिथंच प्रोग्राम ऑफिसरचं, म्हणजे तो प्रोग्राम बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव असतं, त्यांना एक पानी सारांश मेल कर.

चकली_ओहायो: ताई, आधी कॉलेजचं सॅम डॉट गव्हचं रजिस्ट्रेशन (फेडरल ग्रांटसाठी लागणारी सरकारी नोंदणी) जिवंत आहे का ते त्या बाईंना विचारा!! ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं. ते फुकट असतं पण आमच्या कॉलेजला "मुदत संपतेय" असं सरकारी दिसणारं पत्र आलं आणि कोणीतरी एका खाजगी कंपनीला ६०० डॉलर भरून मोकळं झालं, वर रजिस्ट्रेशन झालंच नाही, ते डेडलाइनच्या आठवड्यात कळलं, तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

बाप्पा_बे_एरिया: म्हणूनच म्हणतो, मोठ्या युनिव्हर्सिटीतला कोणी गाठा आणि त्यांच्या अर्जात को-पीआय, म्हणजे सहप्रमुख संशोधक, व्हा. कागदपत्रं त्यांचं ऑफिस बघेल.

सुगरण_एनजे: को-पीआय व्हा, मीही हेच सांगणार होते. आरोग्याशी जोडता आलं तर एनआयएचची (आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था) अशाच कॉलेजांसाठीची आर-१५ ग्रांट पण आहे. त्यांच्या एनआयएच रिपोर्टर या प्रोजेक्टांच्या साइटवर मॅचमेकर आहे, त्यात सारांश चिकटवला की मिळतेजुळते प्रोजेक्ट आणि अधिकाऱ्यांची नावं येतात.

वऱ्हाडी_टेक्सास: ओव्हरहेडच्या, म्हणजे इमारत-ऑफिसच्या खर्चाच्या, नावाखाली कॉलेजच अर्धं खातं म्हणे.

मधुकाका: अहो, तो दर कॉलेजचा आधीच ठरलेला असतो. ठरलाच नसेल तर ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्के लावता येतो. नीरा, तुझ्या दीड लाखात तो धरलायस का?

नीरा_पीए: नव्हता धरला 🙈

पोहे_विदाउट_शेंगदाणे: २०२५ मध्ये चालू ग्रांटा मधेच बंद केल्या ते बघितलं ना? कशाला जीव काढता.

नीरा_पीए: सगळ्यांचे आभार. काल प्रोग्राम ऑफिसरला मेल टाकला, आज उत्तर आलं, विषय बसतो म्हणाले! आरयूआयच देतेय, आणि एकटीच. को-पीआय झाले तर मशीन त्यांचं, नमुने त्यांचे आणि माझी पोरं बाटल्या धुणार. ओव्हरहेड धरून आता एक पोरगं कमी केलं. चकलीताई, सॅम मार्चमध्येच एक्स्पायर झालंय, बाईंना पत्ताच नव्हता.

बाप्पा_बे_एरिया: करिअरच टाकायला हवं होतं.