रॉरीची सोललेली गिटार: तुमच्याही आठवणी लिहा

पेटीवाला:
काल माळा आवरताना एक कॅसेट सापडली. माझ्याच अक्षरात ‘आयरिश टूर ७४’. १९८९ साली हॉस्टेलवर दोन डेक समोरासमोर ठेवून उतरवलेली, त्यामुळे मधेच मेसची घंटापण वाजते! रॉरी गॅलहर, आयरिश ब्लूज-रॉक गिटारवाला. १९६३ला, पंधराव्या वर्षी, आयर्लंडच्या कॉर्क शहरात शंभर पौंडांची सेकंडहँड स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार हप्त्यांवर घेतली. आईला पटवलं, की ऱ्हिदम, लीड दोन्ही मीच वाजवीन, दुसरा गिटारवाला नको. पुढे घामाने रंग उडून लाकूड उघडं पडलं, तरी वाजवत राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीच गिटार लंडनच्या लिलावात आठ लाख ऐंशी हजार पौंडांच्या वर गेली. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. त्या दिवशी ऑफिसात हे सांगायला एक माणूस मिळाला नाही. म्हणून हा धागा.

वरणफळं:
रुमाल टाकून ठेवते.

झिंगाट७७:
ओअ‍ॅसिस बँडवाला ना? भाऊभाऊ भांडतात ते?

पेटीवाला:
तो नोएल गॅलहर. 🙏

लीकाठचा:
कॉर्कात सहा वर्षं आहे. इथे त्याच्या नावाचा चौक आहे, गिटारीचं शिल्पही आहे. पहिल्या हिवाळ्यात नोकरी गेली होती, घरी सांगितलं नव्हतं. रोज ऑफिसला निघाल्यासारखा निघायचो आणि तिथे डबा खायचो. एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसून म्हणाले, चौऱ्याहत्तरला सिटी हॉलमध्ये रॉरीच्या कार्यक्रमाला होतो मी. मग तासभर तेच. मला रॉरी कोण हेही माहीत नव्हतं. बसची वेळ झाली, बाकी नंतर.

वरणफळं:
डबा 😢 आता बरं आहे ना?

लीकाठचा:
हो हो, कधीच मिळाली नोकरी.

तिसरी_पट्टी:
लोक मारतील, पण त्याचे स्टुडिओतले अल्बम मला सपक वाटतात. समीक्षकही बरेचदा हेच म्हणत आले, की खरा रॉरी स्टेजवर. सिंगल, म्हणजे सुटी गाणी, काढायची नाहीत हा हट्ट, मग रेडिओवर कोण लावणार? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘मेलडी मेकर’ ह्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या कौलात गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनच्या पुढे होता हा माणूस.

पेटीवाला:
सपक?? ‘टॅटू’ अल्बम ऐका परत, मग बोलू. पण उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टबद्दल तुम्हीही मान डोलवाल. बाँब फुटत होते, बाहेरचे बँड फिरकत नव्हते, हा मात्र जात राहिला. तिथली पोरं ते विसरली नाहीत.

तिसरी_पट्टी:
ते मान्य. बिनशर्त.

उपाशी_बोका:
रोलिंग स्टोन्स बँडने जानेवारी १९७५ला रॉटरडॅमला बोलावून वाजवून बघितलं. हा काही रात्री वाजवून जपानला गेला, दौरा आधीच ठरला होता म्हणे! आमच्या ऑर्केस्ट्रात मला ‘उद्या सांगतो’ म्हणाले त्याला एकवीस वर्षं झाली. अजून फोनजवळच आहे.

वरणफळं:
😂😂 ह्यांना विचारलं रॉरी कोण. पाऊण तास झाला, अजून सांगतायत. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

तिसरी_पट्टी:
शेवटचा कार्यक्रमही रॉटरडॅमलाच, जानेवारी १९९५. विमानाची धास्ती, त्यावर गोळ्या, वर दारू. यकृत बदललं, मग जंतुसंसर्ग. जूनमध्ये गेला. सत्तेचाळीस फक्त.

निशिगंधा_क:
आमचे अण्णा तबला वाजवायचे. डग्ग्याच्या शाईला भेग पडली तरी बदलू देत नसत, ‘आवाज मुरलाय’ म्हणायचे. ते गेल्यावर भावाने हौसेने नवी पुडी चढवून आणली. मी दोन महिने त्याच्याशी बोलले नव्हते.

वरणफळं:
अगं 😢

झिंगाट७७:
ऐकला आत्ता, लोकलमध्ये. सॉरी बोललो होतो. हा आधी कुठे होता यार?

उपाशी_बोका:
माळ्यावर.

लीकाठचा:
पेटीवाले, कॅसेट लगेच लावू नका. बुरशी असली तर हेड खराब होईल.

पेटीवाला:
लावली कालच. अडकली. पेन्सिलीने गुंडाळली, आता डेकचा बेल्टच ताणलाय.

उपाशी_बोका:
लॅमिंग्टन रोडला बघा. जुना बेल्ट सोबत न्या, मापाला लागतो. आणि रविवारी जाऊ नका.