मोड, खुर्दा, परचुरण

प्रश्न: बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या घरी आजी "रुपयाची मोड आण" म्हणायची. आम्ही 'परचुरण' म्हणतो. जुन्या कागदांत 'खुर्दा' दिसतो. तिन्ही एकच का? आणि मोडीला बट्टा कसला?

उत्तर: अर्थ एकच, वापर वेगळा. मोड मोठ्या नाण्याची किंवा नोटेची, "शंभराची मोड आहे का?" खुर्दा फारसीतला, म्हणजे बारीक तुकडे, म्हणून शत्रूचाही खुर्दा उडतो. परचुरण बडोद्यात गुजरातीच्या शेजारामुळे तोंडात बसला. पुण्यात सुट्टे नाहीतर चिल्लर.

बट्ट्याचं मात्र नीट सांगायला हवं. हिशेबात रुपयाचे 16 आणे, 64 पैसे, 192 पै. बाजारात तांब्याचा पैसा चांदीच्या रुपयाला असा बांधलेला नव्हता. खुर्दा मुबलक झाला की सराफ रुपयाला जास्त पैसे देई, टंचाई आली की कमी. भाजीवालीची विक्री पैशांत, शेतसारा आणि कर्ज रुपयांत. तिला प्रत्येक वेळी सराफाच्या पेढीवर काहीतरी सोडूनच यावं लागे, तोच मोडीचा बट्टा. हा भार गरिबावरच पडे, याचं मला फार वाईट वाटतं. ईस्ट इंडिया कंपनीने 1835 मध्ये 180 ग्रेन वजनाचा रुपया ठरवला, तांब्याची नाणी रुपयाच्या आतल्या रकमेपुरतीच ग्राह्य धरली. बडोद्यात मात्र संस्थानचा बाबाशाही रुपया कलदाराशेजारी, म्हणजे इंग्रजी रुपयाशेजारी, चालतच होता, आणि दोघांच्या भावातला फरक हाही बट्टा किंवा वटाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबाशाही गेला. "नावाला बट्टा लागला" म्हणतो तोही हाच शब्द.

आणखी एका वाचकाचं: ताई, ढब्बू राहिला! तो दोन पैशांचा, जाड तांब्याचा. सयाजीरावांच्या दोन पैशांवर तलवार आणि घोड्याचा खूर आहे. हातात धरला की वजन जाणवतं.

उत्तर: बरोबर, आणि त्याच्या उलट टोकाला भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात धातू महागला, लोकांनी सुटी नाणी दाबून ठेवली. म्हणून 1943 पासून मध्ये भोक पाडलेला, आधीच्याहून बराच हलका पैसा निघाला. ज्या घरांत तो पाहिला आहे तिथे 'भोकाचा पैसा' हाच शब्द चालतो. 'ढब्बू' मात्र माणसाला आणि मिरचीलाही चिकटला.