शब्दचर्चा: 'अल्ट्रासोनिक फ्लो सेन्सर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
पुण्यातल्या एका अतिदक्षता विभागासाठी माहितीपत्रक लिहिते आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी ते वाचायचं आहे. 'अल्ट्रासोनिक फ्लो सेन्सर'ला मी 'स्वनातीत वेगमापक' लिहिलं, पण मन खातंय.

पहिलं उत्तर (भौतिकशास्त्र शिकवतो):
ताई, 'स्वनातीत' हे विमानाला शोभतं. आवाजापेक्षा वेगवान असं ते. इथे आवाजच आहे, फक्त २०,००० हर्ट्झच्या वरचा, कानाला न कळणारा. तो 'श्राव्यातीत'. व्हेंटिलेटरच्या, श्वासाची हवा वाहून नेणाऱ्या नळीत तिरके समोरासमोर दोन सेन्सर असतात, आणि ते आळीपाळीने एकमेकांकडे हा आवाज सोडतात. हवेबरोबर जाणारा किंचित लवकर पोचतो, हवेविरुद्ध जाणारा उशिरा. त्या फरकातून हवेचा वेग निघतो. इतर काही सेन्सरांसारखी नळीत जाळी नाही, तापलेली तार नाही, त्यामुळे श्वासाला अडथळा जवळजवळ होत नाही. मात्र 'वेगमापक' नको. वेगाला नळीच्या छेदाने गुणलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं, आणि डॉक्टरांना तेच हवं असतं.

दुसरं उत्तर:
मग 'विसर्ग' का नाही? खडकवासल्यातून पाणी सोडलं की पावसाळाभर आपण 'इतक्या क्युसेकने विसर्ग' वाचतो. सेकंदाला किती घनफूट, म्हणजे अगदी हेच माप. शिवाय व्याकरणातला विसर्ग हाही तोंडातून सुटणारा श्वासच!

पहिलं उत्तर देणारा:
सुरेख जुळतंय, मला फार आवडलं. पण विसर्ग म्हणजे सोडणं. हा सेन्सर श्वास आणि उच्छ्वास दोन्ही मोजतो, म्हणून 'प्रवाह'च घ्यावा.

तिसरं उत्तर (आयसीयूत परिचारिका आहे):
आम्ही आपसात 'फ्लो' आणि 'टायडल'च म्हणतो. टायडल व्हॉल्यूम म्हणजे एका श्वासातली हवा. 'भरतीचे आकारमान' असलं काही छापू नका, नातेवाइकांना समुद्र आठवेल. 'श्राव्यातीत'पुढे 'सोनोग्राफीत वापरतात तसा आवाज' एवढं लिहा, लगेच कळतं. फक्त इथे चित्र निघत नाही हेही सांगा. आत गेलेली हवा आणि परत आलेली हवा यांत फरक आला की आम्ही 'लीक' म्हणतो. त्याला 'गळती' लिहिलंत तर लोक ऑक्सिजनगळती समजून घाबरतात. मी बेडपाशी 'कडेने निसटणारी हवा' म्हणते.

प्रश्नकर्ती:
'श्राव्यातीत प्रवाहमापक' आणि 'निसटणारी हवा', दोन्ही घेतले. टायडलला 'एका श्वासातली हवा' असंच ठेवते.